मधला ढीग : चित्रं मांडून स्वच्छतेवर बोलायचं कसं

जमिनीवर तीन कागद ठेवलेत. एकावर हसरा चेहरा, एकावर रडका, मधला कोरा. भोवती पंधरा-वीस जण कोंडाळं करून बसलेत आणि हातोहात चित्रं फिरताहेत. पिण्याच्या पाण्यावर झाकण ठेवणारी बाई, ती लगेच हसऱ्या चेहऱ्याखाली गेली. झऱ्यात उभं राहून पाणी पिणारं जनावर रडक्याखाली. मग एक चित्र येतं: आई बाळाचं लंगोट धुतेय आणि ते पाणी दाराबाहेर भिरकावतेय.

एकीने ते हसऱ्याखाली ठेवलं. "धुतेय की बिचारी, वाईट काय त्यात?" शेजारणीने उचललं आणि रडक्याखाली टाकलं. "पाणी कुठे टाकलं ते बघ ना." मागून एक आजोबा म्हणाले, "तान्ह्या बाळाच्या शीने काय होतंय? नुसतं दुधावरचं पोर ते." चित्र एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि शेवटी मधल्या कोऱ्या कागदावर जाऊन पडलं. बैठक घेणारी कार्यकर्ती हे सगळं बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. तिने ते दिलं नाही.

असं दृश्य कुठल्याही वस्तीतल्या बैठकीत कमी-अधिक फरकाने दिसतं. आरोग्यशिक्षणात याला 'तीन ढीग' म्हणतात. चांगलं, वाईट आणि मधलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चित्रांचा खेळ चाललाय, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी केलेली सोय असेल. तसं नाही. पीएचडी झालेल्यांच्या सोसायटीतही हा खेळ तितकाच रंगतो. चित्रं आहेत ती वादाला तोंड फोडण्यासाठी, आणि सगळी मेहनत त्या मधल्या ढिगासाठी.

भाषण का चालत नाही?

"जेवणाआधी हात धुता का?" असं कुणाही अनोळखी माणसाने विचारलं तर उत्तर एकच येतं: हो. शौचाला कुठे जाता? शौचालयात. पाणी झाकता का? झाकतो. लोक खोटारडे असतात म्हणून नव्हे. परक्या माणसाने घरातल्या न्हाणीबद्दल आणि संडासाबद्दल विचारलं की कुणीही अब्रू झाकणारं उत्तर देतो. आणि बरोबर काय ते बहुतेकांना माहीत असतंच. हात धुवावेत हे ऐकलं नाही असा माणूस आज शोधावा लागेल. तरी जुलाबाने पोरं आजारी पडतात. म्हणजे गाठ माहितीपाशी नाही. ती सवयीपाशी, सोयीपाशी, पाणी कोण आणतं त्यापाशी, दोन घरांत पटत नाही त्यापाशी आहे. भाषणात हे काही येत नाही. भाषण देणाऱ्याला ते ठाऊकच नसतं.

चित्र पुढ्यात आलं की माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, चित्रातल्या बाईबद्दल बोलतो. "तिच्याकडे पाणी कमी असेल." "तिला सासू बोलत असेल." असं बोलता बोलता स्वतःच्या घरातलं सगळं बाहेर येतं आणि कुणाचं नाव निघत नाही. ही आडपडद्याची सोय हाच चित्राचा खरा उपयोग.

ही युक्ती नवी नाही. ब्राझीलमध्ये 1963 साली अंजिकोस नावाच्या गावात पाउलो फ्रेरे यांनी सुमारे 300 शेतमजुरांना अवघ्या 40 तासांच्या वर्गांतून लिहा-वाचायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीत अक्षरांच्या आधी चित्रं यायची, मजुरांच्या रोजच्या जगण्यातली, आणि त्यांवर आधी चर्चा व्हायची. पुढे 1970च्या दशकात लायरा श्रीनिवासन यांनी वस्तीपातळीवरच्या कामासाठी 'सरार' नावाची पद्धत बांधली. लोकांचा आत्मविश्वास, एकमेकांशी असलेलं नातं, अंगचं चातुर्य यांवर भर देऊन कृती ठरवायची आणि जबाबदारी लोकांनीच घ्यायची, असा तिचा गाभा. याच मुळावर जागतिक आरोग्य संघटना आणि पाणी व स्वच्छतेसाठीचा संयुक्त राष्ट्रे-जागतिक बँक कार्यक्रम यांनी मिळून लोकांच्या सहभागातून स्वच्छतेत बदल घडवण्याची 'फास्ट' (PHAST) ही पद्धत घडवली. तीन ढीग हा तिच्यातलाच एक खेळ. 1993 मध्ये बोत्स्वाना, केनिया, युगांडा आणि झिंबाब्वे या चार देशांत ती करून पाहिली आणि 1998 मध्ये तिची पायरीपायरीने जाणारी मार्गदर्शिका निघाली. सात पायऱ्या: अडचण ओळखणं, तिच्या मुळाशी जाणं, उपाय शोधणं, त्यांतले निवडणं, कामाची आखणी, देखरेखीची आखणी, आणि शेवटी लोकांनीच केलेलं मूल्यमापन. मी इथे सातही सांगत बसणार नाही. ज्यांत जीव आहे त्यांबद्दलच बोलतो.

बाळाची शी आणि एक पाद्री

आधी त्या लंगोटाच्या चित्राचं बघू. आजोबांचं म्हणणं जगभर ऐकू येतं: लहान बाळाची शी निरुपद्रवी. प्रत्यक्षात उलटं आहे. लहान मुलांना पोटाचे आजार जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतू मोठ्यांइतकेच, किंबहुना जास्तच असू शकतात. आणि ती पडते कुठे? अंगणात, मोरीत, आईच्या हातावर. म्हणजे तोंडापासून अगदी हाताच्या अंतरावर.

याचा इतिहासातला पुरावा एका नकाशाशी जोडलेला आहे. 1854च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ फुटली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात 600हून जास्त माणसं मेली. डॉ. जॉन स्नो यांना संशय होता तिथल्या सार्वजनिक पंपाचा. त्यांनी कुठल्या घरात किती मृत्यू झाले ते टिपलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढवला. मृत्यूच्या काळ्या रेघा पंपाभोवती दाटलेला त्यांचा नकाशा आजही पाठ्यपुस्तकांत असतो. पण पंपाचं पाणी मुळात बिघडलं कशाने, हे त्यांना सापडलं नाही. ते सापडलं हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या तरुण पाद्र्याला. गंमत म्हणजे तो स्नोंचं म्हणणं खोडायला निघाला होता. त्या गल्लीतलं घर न् घर त्याच्या ओळखीचं. दारोदार विचारत गेला तेव्हा पंपासमोरच्या घरातलं एक तान्हं बाळ साथीच्या आधीच जुलाबाने आजारी होतं असं कळलं. आईने लंगोट धुतलेलं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खड्ड्याच्या विटा खचलेल्या, आणि विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर.

नकाशा डॉक्टरने काढला, पण त्याचा अर्थ लागला तो घरोघरची ओळख असलेल्या माणसामुळे. वस्तीत नकाशा काढायचा तो लोकांनीच काढायचा, असं ही पद्धत म्हणते ते याच कारणाने.

हा नकाशा कागदावर सुरू होत नाही. मोकळी जागा बघायची आणि जमिनीवर काठीने रेघा ओढायच्या. खडे म्हणजे घरं, राख म्हणजे रस्ता, पानं म्हणजे झाडं, दोरी म्हणजे नाला. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, लोक शौचाला कुठे बसतात, कचरा कुठे साचतो. कागद आणि पेन दिलं की शिकलेला एक जण ते हातात घेतो आणि बाकीचे बघे होतात. जमिनीवर मात्र चार जण एकदम वाकतात, एकाने ठेवलेला खडा दुसरा हलवतो. काठी कुणाच्या हातात आहे याकडे लक्ष ठेवावं. बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळा नकाशा काढू दिला तर एकाच वस्तीची दोन गावं निघतात. पुरुषांच्या नकाशात देऊळ, मशीद किंवा चर्च, दुकान आणि पक्का रस्ता ठळक. बायकांच्या नकाशात पाण्याची रांग, अंधाराची वळणं आणि जिथे एकटीने जाता येत नाही त्या जागा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की बोलायला कुणाला सांगावं लागत नाही. शेवटी कुणीतरी तो कागदावर उतरवून घ्यायचा, एवढंच. पाऊस वाट बघत नाही.

मैल्याची तोंडापर्यंतची वाट

1958 साली वॅग्नर आणि लानोआ या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मैल्यातले जंतू तोंडापर्यंत कसे पोचतात याची एक आकृती होती. तिचीच पुढे पंचमार्गी आकृती झाली: पाणी, बोटं, माश्या, माती आणि अन्न. इंग्रजीत हे पाचही शब्द 'एफ' अक्षराने सुरू होतात, त्यामुळे ती पाठ करायला सोपी. आपल्याला तशी सोय नाही, पण पाच बोटांवर मोजता येते.

भिंतीवर ही आकृती तयार लावली तर लोक तिच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं बघतात. म्हणून चित्रं सुटी द्यायची. एका टोकाला उघड्यावर बसलेला माणूस, दुसऱ्या टोकाला जेवणारं मूल. मधली चित्रं पत्त्यांसारखी पिसलेली: माशी, हात, भाजी, नदी, चप्पल, कोंबडी, भांडं. वाट तुम्ही लावा आणि बाण तुम्ही काढा. पहिला गट बहुधा एकच वाट लावतो: माणूस, नदी, पाणी, मूल. मग कुणीतरी माशी उचलतं. कुणीतरी म्हणतं, चपलेला लागून घरात येतंच की. थोड्या वेळाने जमिनीवर बाणांचं जाळं होतं आणि कुणाच्या तरी तोंडून निघतं, "म्हणजे आपण एकमेकांचं खातोय." हे वाक्य कार्यकर्त्याने स्वतः उच्चारलं तर त्याला तिथून हाकलतील. लोकांनी आपणहून म्हटलं तर सगळे हसतात, आणि मग गप्प होतात.

इथेच आजोबांच्या म्हणण्याला उत्तर मिळतं. पहिल्या टोकाला मोठ्या माणसाच्या जागी बाळाचं चित्र ठेवून वाट पुन्हा लावायला सांगायचं. वाट तीच लागते, उलट आखूड होते. मी कार्यकर्तीच्या गप्प बसण्याचं कौतुक केलं खरं, पण ते गप्प बसणं म्हणजे चुकीचं उत्तर तसंच सोडून देणं नव्हे. मधल्या ढिगातलं चित्र ती बाजूला काढून ठेवते आणि दोन दिवसांनी त्याच माणसांपुढे वेगळ्या खेळात आणते. तिथेही गाडं अडलं आणि कुणी सरळ विचारलं, तर सरळ सांगते. न विचारता सांगितलेलं आणि विचारल्यावर सांगितलेलं, शब्द तेच असले तरी कानावर वेगळे पडतात.

वाट लागली की ती अडवायची. आता दुसरी चित्रं येतात: साबणाने हात धुणं, शौचालय, झाकलेलं अन्न, उकळलेलं पाणी, पाणी काढायला दांड्याचं ओगराळं. कुठलं चित्र कुठल्या बाणावर आडवं ठेवायचं? शौचालय बहुतेक बाण मुळाशीच तोडतं. हात धुणं एकच बाण तोडतं असं वाटतं, पण हात मैल्याकडूनही येतो आणि जेवणाकडेही जातो, म्हणून ते चित्र दोन ठिकाणी बसतं. हात धुण्याला प्रोत्साहन दिल्याने जुलाबाचं प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी उतरतं असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. एका चित्राच्या मानाने हे पुष्कळच.

मग तीच चित्रं एका चौकटीत भरतात. वरून खाली किती परिणामकारक, डावीकडून उजवीकडे किती सोपं. परिणामाबद्दल फारसा वाद होत नाही. 'सोपं' या शब्दावर मात्र रण माजतं. पुरुष हात धुणं 'अगदी सोपं' मध्ये टाकतात. पाणी वाहून आणणाऱ्या बाया ते उचलून 'अवघड' मध्ये ठेवतात. म्हणून याच्या आगेमागे एक छोटा खेळ घेतात. तीन चित्रं: पुरुष, बाई, दोघं मिळून. आणि कामांच्या चिठ्ठ्या: पाणी आणणं, बाळाचं आवरणं, संडास धुणं, खड्डा खणणं, पैसे कशावर खर्चायचे ते ठरवणं. कुठल्या चित्राखाली कुठली चिठ्ठी? बाईखाली चिठ्ठ्यांचा ढीग लागतो आणि शेवटची पैशाची चिठ्ठी पुरुषाखाली जाते. यावर भाष्य करायची गरज नसते.

खिशांचा तक्ता

माझ्या मते या सगळ्यांत हुशारीचा खेळ हा. कापडावर खिसे शिवलेले असतात, किंवा नुसती पाकिटं चिकटवलेली, किंवा डबे मांडलेले. प्रत्येक खिशावर एक चित्र: उघड्यावर, साधा खड्डा, पाण्याचा संडास, शेजाऱ्याचा संडास, सार्वजनिक संडास. तक्ता बैठकीकडे पाठ करून किंवा पडद्याआड लावतात. एकेक जण जातो आणि आपली चिठ्ठी खिशात टाकून येतो. बायकांच्या चिठ्ठ्या पिवळ्या, पुरुषांच्या निळ्या. गुप्त मतदानच हे, फक्त उमेदवार वेगळे.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं अवलंबून आहे. "तुम्ही कुठे जाता?" असं विचारलं तर लोक कुठे जायला हवं तिथे चिठ्ठी टाकतात. "काल सकाळी कुठे गेलात?" असं विचारलं तर आकडा बदलतो. समजा 42 जण बसलेत. हात वर करायला सांगितला तेव्हा 36 जणांनी संडास वापरतो म्हणून हात वर केला. चिठ्ठ्या मोजल्या तर संडासाच्या खिशांत मिळून 21 निघाल्या. कुणाच्या, ते कळत नाही आणि कळायलाही नको. 42 पैकी एकवीस हे मात्र सगळ्यांच्या समोर मोजलेलं असतं, आणि मोजणारी त्यांच्यातलीच असते. बाहेरच्याने सर्वेक्षण करून हाच आकडा आणला असता तर त्याच्यावर दिवसभर भांडण झालं असतं.

रंग बघितले की पुढचे प्रश्न आपोआप येतात. उघड्यावरच्या खिशात निळ्या जास्त का? कुणी म्हणतं, घरातला खड्डा लवकर भरेल या भीतीने पुरुष बाहेर जातात आणि संडास बायकांसाठी राखून ठेवतात. कुणी म्हणतं, म्हाताऱ्यांना खाली बसवत नाही. कुणी म्हणतं, आत दुर्गंधी येते. यातलं एकही कारण 'लोकांना महत्त्व कळत नाही' हे नसतं.

दोन बारकावे. एक, सुरुवातीला एखाद्या निरुपद्रवी प्रश्नावर तालीम घ्यावी, म्हणजे चिठ्ठी कुठे टाकायची ते सगळ्यांना कळतं आणि पहिल्या प्रश्नाचा आकडा गोंधळातून आलेला नसतो. दुसरा बारकावा सहसा निसटतो: बैठकीत पुरुष एकटाच असेल तर निळी चिठ्ठीही एकच, मग गुप्तता कसली? रंग वेगळे करायचे तर दोन्ही बाजूला पुरेशी माणसं हवीत. नसतील तर सगळ्यांना एकच रंग.

शिडी आणि तिच्यावरचं भांडण

संडासाच्या प्रकारांची चित्रं देऊन वाईटापासून चांगल्यापर्यंत लावायला सांगतात. तळाला उघड्यावर, मग मांजरासारखं मातीने झाकणं, साधा खड्डा, हवानळीचा खड्डा, पाणी ओतायचा संडास, टाकी, गटारवाहिनी. आपण आज कुठल्या पायरीवर आहोत तिथे एक खडा, वर्षभरात कुठे जायचं तिथे दुसरा. शेवटची पायरी सगळ्यांनी गाठायची असा इथे आग्रह नाही. एक पायरी वर चढणं हेही चढणंच.

शिडी वाटते तेवढी सरळ नसते. चकचकीत फरशीचा, पाण्याने वाहून नेणारा संडास लोक हमखास वर ठेवतात. मग कुणी विचारलं की त्याची नळी कुठे उघडते, आणि उत्तर 'दारापुढच्या उघड्या नाल्यात' असं आलं, की तो संडास घरापुरता वर आणि वस्तीसाठी खाली असतो. झाकण असलेला साधा खड्डा त्याच्यापेक्षा बरा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या शिडीतही 2017पासून सगळ्यात वरची पायरी 'सुरक्षित व्यवस्थापन' ही आहे: मैला बाहेर पडल्यावर त्याचं पुढे काय होतं, त्यावरून ती ठरते.

हवानळीच्या खड्ड्याचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. 1970च्या दशकात आजच्या झिंबाब्वेतल्या ब्लेअर प्रयोगशाळेत तो विकसित झाला, म्हणून तिकडे त्याला ब्लेअर संडास म्हणतात. खड्ड्यातून एक उभी नळी छपराच्या वर जाते, टोकाला बारीक जाळी. नळीच्या तोंडावरून वारा वाहिला की आतली हवा वर ओढली जाते आणि दुर्गंधी संडासात न येता बाहेर जाते. खड्ड्यातली माशी उजेडाकडे उडते. उजेड कुठे? नळीच्या टोकाला. तिथे जाळीला अडकते आणि मरते. पण हे जमायचं तर संडास आतून काळोखा हवा. कुणी हौसेने मोठी खिडकी काढली किंवा दार उघडं ठेवलं, की माशीला जवळचा उजेड मिळतो आणि सगळा हिशोब फिसकटतो. आता काळोख्या खोलीत लहान मूल जाईल का? रात्री बाई जाईल का? हा प्रश्न अभियंत्याच्या आराखड्यात नसतो. चित्र हातात घेतलेली आई तो पहिल्या मिनिटात विचारते.

चित्रं कशी असावीत

फोटो सहसा नकोत. फोटोत माणूस ओळखू येतो, मागचं घर ओळखू येतं, आणि चर्चा त्या घराकडे वळते. साधी रेखाचित्रं बरी. एका चित्रात एकच कृती, मागे पसारा नाही. मजकूर नाही, कारण अक्षरं दिसली की लोक चित्र बघायचं सोडून वाचणाऱ्याकडे बघतात.

आणि चित्र जे सांगतं असं आपल्याला वाटतं ते समोरच्याला दिसतंच असं नाही. या क्षेत्रात एक जुना किस्सा फिरतो: माशी स्पष्ट दिसावी म्हणून तिचं हातभर चित्र काढलं, तर लोक म्हणाले, बरं झालं, आमच्याकडे एवढ्या मोठ्या माश्या नाहीत. किस्सा खरा की रचलेला, कोण जाणे, पण बाण, फुली, विचारांचे ढग, कापून दाखवलेली आतली बाजू या सगळ्या खुणा आपण शाळेत शिकलेल्या असतात हे आपण विसरतो. म्हणून चित्र काढलं की पाच जणांना दाखवून एवढंच विचारावं: यात काय दिसतंय? पाचांतले तिघे वेगळं काही सांगत असतील तर चित्र बदलायचं. थोडी संदिग्धता मात्र मुद्दाम ठेवावी. लंगोट धुणाऱ्या बाईचा चेहरा ना खूश, ना दुःखी. चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं तर मधला ढीग रिकामा राहतो.

लाजेचा रस्ता

याच कुळातली पण वेगळ्या स्वभावाची एक पद्धत बांगलादेशात जन्मली. 1999-2000 च्या सुमारास राजशाही जिल्ह्यातल्या मोस्मोइल गावात कमल कार यांनी ती सुरू केली आणि नंतर ती अनेक देशांत पसरली. तिथेही जमिनीवर नकाशा असतो. लोक आपापल्या घरापाशी उभे राहतात आणि शौचाच्या जागेवर पिवळी पूड टाकतात. मग हिशोब: माणशी दिवसाला 200 ग्रॅम धरले तर पाच जणांच्या घराचा रोजचा एक किलो, वर्षाचे 365 किलो. शंभर घरांचे साडेछत्तीस टन. एवढं जातं कुठे? शेवटी पाण्याचा ग्लास. पिणार का? हो. मग एक केस मैल्याला टेकवून ग्लासात बुडवतात. आता पिणार का? माशीला तर सहा पाय असतात.

यात दिसतं ते खरं आहे आणि त्याचा धक्काही जबर बसतो. उघड्यावर जाणं गावाने मिळून थांबवलं, तेही बाहेरचं अनुदान न घेता, अशी गावं यातून उभी राहिली. पण लाज हे धारदार हत्यार आहे आणि ते बहुधा गरिबातल्या गरिबाला लागतं. काही ठिकाणी त्याचं रूपांतर शिट्ट्या फुंकत पाठलाग करण्यात, दंड लावण्यात झालं, आणि त्यावर टीकाही झाली. माझा कल चिठ्ठी आणि खिशांकडे आहे. धक्क्याने माणूस उठतो खरा, पण ज्याच्याकडे खड्डा खणायला जागाच नाही, त्याला उठवून जायला कुठे सांगणार?

याने फरक पडतो का?

उत्तर सरळ 'हो' असं नाही. झिंबाब्वेत आरोग्य क्लब काढून, आठवड्याला बैठका घेऊन, याच चित्रांच्या साहित्यावर काम झालं. त्याचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. मकोनी जिल्ह्यात दोन वर्षांत 2,400 संडास बांधले गेले, त्शोलोत्शो जिल्ह्यात संडासांचं प्रमाण 43 टक्क्यांवर गेलं, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते 2 टक्के होतं. मग रवांडात हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. रुसिझी जिल्ह्यातल्या 150 गावांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले: पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबात फरक दिसला नाही.

दोन्ही खरं असू शकतं. सवय बदलणं आणि आजार कमी होणं यांत पाण्याचा दर्जा, घरात फिरणाऱ्या कोंबड्या, शेजारच्या वस्तीचा नाला असं बरंच काही असतं. शिवाय एका जिल्ह्यात जीव ओतून घेतलेल्या बैठका सरकारी यंत्रणेतून शेकडो गावांत न्यायच्या म्हटलं की पहिली काट बसते ती वेळेला. तीन ढिगांचा खेळ वीस मिनिटांत उरकता येतो. सगळी चित्रं बरोबर ढिगात जातात, कार्यकर्ता टाळ्या वाजवायला सांगतो, फोटो निघतो. असा अहवाल हातात आला की मी फक्त एकच बघतो: मधल्या ढिगात किती चित्रं होती, आणि बैठक उठल्यावर ती कुणाकडे राहिली. कार्यकर्त्याच्या पिशवीत परत गेली असतील, तर दुसऱ्या दिवशी तळ्यावर धुणं धुताना त्यांवर पुन्हा भांडायला कुणाच्या हाताशी काही नसतं.